मी कसा शिक्षक आहे? छात्रसेवाकालात हे कसं शोधायचं

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या प्रत्यक्ष कामाचा वाटा वीस आठवड्यांवर गेला: साधारणपणे पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. या छात्रसेवाकालाला, म्हणजे शाळेत शिकवत शिकण्याच्या काळाला, नव्वद टक्के हजेरी सक्तीची झाली, आणि ‘स्व’ची ओळख करून घेण्यासाठी वेगळा विषयही आला. यामागचा विचार योग्य होता. विषय येतो, टाचण (पाठाची लेखी आखणी) काढता येतं, एवढ्यावर भागत नाही. वर्गात उभा राहणारा माणूस कशाला घाबरतो, कोणत्या मुलांकडे त्याची नजर जात नाही, चिडला की तो काय बोलतो, हे त्याचं त्याला माहीत असावं लागतं. प्रत्यक्षात मात्र हा भाग बहुतेक ठिकाणी फायलीत संपतो. ‘माझी बलस्थाने’ आणि ‘माझ्या मर्यादा’ अशी दोन पानं, गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी फायलीवरून उतरवलेली.

आपण कसे शिक्षक आहोत हे विशेषणांवरून कळत नाही. एखाद्या ठरावीक प्रसंगी वर्गात आपण काय केलं, काय बोललो, यावरून कळतं. म्हणून त्या प्रसंगांची नोंद ठेवायची, काही दिवसांनी ती परक्याच्या नजरेनं वाचायची आणि पुढच्या तासाला एकच गोष्ट बदलून बघायची. यासाठी लागतं ते असं: दोनशे पानी फुलस्केप वही, फोनचा कॅमेरा, त्याच शाळेतला एक जोडीदार छात्राध्यापक (शिकवायला शिकणारा विद्यार्थी) आणि रोजची पंधरा मिनिटं. प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड. पदविकेच्या विद्यार्थ्यांनाही हेच जसंच्या तसं लागू पडतं.

शाळेत जाण्याआधी: डोक्यातले जुने शिक्षक कागदावर आणा

वैद्यक शिकायला आलेल्या मुलानं शस्त्रक्रिया कधी पाहिलेली नसते. शिकवायला शिकणाऱ्यानं मात्र बारा-पंधरा वर्षं रोज शिकवणं पाहिलेलं असतं, तेही बाकावर बसून. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये याकडे लक्ष वेधलं आणि याला निरीक्षणातून झालेली उमेदवारी म्हटलं. या उमेदवारीत विद्यार्थ्याला शिक्षकाचं करणं दिसतं, पण त्यानं ते का केलं, काय करायचं टाळलं, घरून काय तयारी करून आला, हे दिसत नाही. त्यामुळे आपल्याकडे शिकवण्याचे हावभाव तयार असतात, निर्णय नसतात. वर्गात गोंधळ वाढला की तोंडून जे पहिलं वाक्य निघतं, ते बहुधा आपल्या सातवीतल्या सरांचं असतं.

म्हणून छात्रसेवाकाल सुरू होण्याच्या आठवडाभर आधी दोन बैठका करा, प्रत्येकी पाऊण तासाच्या. पहिल्या बैठकीत आपल्याला शिकवलेले पाच जण निवडा: तिघे आवडलेले, दोघे नकोसे वाटलेले. प्रत्येकाबद्दल फक्त कृती लिहा. उत्तर चुकलं तर ते काय करायचे? वही विसरली तर? वर्गात शिरल्यावर पहिलं वाक्य कोणतं असायचं? मागच्या बाकापर्यंत ते चालत यायचे का? ‘प्रेमळ’, ‘शिस्तप्रिय’, ‘तळमळीचे’ असे शब्द आले की खोडा आणि त्या जागी प्रसंग लिहा. प्रसंग आठवतच नसेल तर ते मतही बाजूला ठेवा.

दुसऱ्या बैठकीत स्वतःबद्दल लिहा. घरची बोली कोणती, शाळा कोणत्या माध्यमाची, आपण हुशार म्हणून ओळखले जात होतो की गप्प, घरात अभ्यासाला बसवणारं कुणी होतं का, आपल्याला कोणत्या कामातून वगळलं गेलं आणि ते मुलगी म्हणून, जातीमुळे की परिस्थितीमुळे. शेवटी एक प्रश्न: कोणती मुलं मला सहज आवडतील, आणि कोणत्या मुलांसाठी मला मुद्दाम प्रयत्न करावा लागेल? इथे खरं लिहिणं जड जातं. सतत पहिल्या नंबरात आलेल्या छात्राध्यापकाला न येणाऱ्या मुलाचा राग येऊ शकतो, आणि स्वतः कष्टानं वर आलेल्याला वाटतं की ‘मी केलं, मग याला का जमू नये?’ ही दोन्ही माणसं चांगली शिक्षक होऊ शकतात, मात्र हे त्यांना आधी कळलेलं असावं. हा कागद कुणालाही दाखवायचा नाही. वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवा.

सूक्ष्म अध्यापनातून आवाज आणि शरीर ओळखा

सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे थोड्या विद्यार्थ्यांपुढे काही मिनिटांचा पाठ घेऊन एकेका कौशल्याचा सराव करण्याची, पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली. आपल्याकडे तिचं जे चक्र रूढ आहे ते छत्तीस मिनिटांचं: सहा मिनिटं अध्यापन, सहा मिनिटं प्रत्याभरण (बघणाऱ्यांचे अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुनराध्यापन आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. समोर पाच ते दहा विद्यार्थी, आणि कौशल्य एकच: प्रश्न, फलकलेखन, चेतक बदल (मुलांचं लक्ष टिकावं म्हणून आवाज, हालचाल बदलणं) असं काहीतरी. गडबड कुठे होते? पुनर्नियोजनाची बारा मिनिटं आणि पुनराध्यापन कागदावर उरतं, सह्या तेवढ्या होतात. शिवाय समोर आपलेच वर्गमित्र ‘पाचवीची मुलं’ म्हणून बसतात आणि सगळी उत्तरं बरोबर देतात.

दोन गोष्टी पाळा. मित्रांपैकी दोघांना आधीच सांगून ठेवा की चुकीचं उत्तर द्यायचं, आणि ते मुलं खरोखर देतात तसं असलं पाहिजे. आणि सहा मिनिटांचं चित्रीकरण करून दोनदा बघा: एकदा आवाज बंद करून, एकदा फोन पालथा ठेवून फक्त ऐकत. आवाज बंद असताना शरीर दिसतं: आपण फळ्याला चिकटून उभे आहोत का, खडू हातात फिरवतोय का, एकाच बाजूला बघतोय का. नुसतं ऐकताना कळतं की प्रश्न विचारून आपण किती वेळ थांबलो. बहुतेकांना धक्का बसतो, कारण प्रश्न आणि उत्तर यांच्यात श्वास घेण्याइतकीही जागा नसते. आपणच प्रश्न विचारतो, आपणच उत्तराचा अर्धा भाग सांगतो आणि मुलांकडून शेवटचा शब्द तेवढा वदवून घेतो. पुनर्नियोजनात एवढंच ठरवा: प्रत्येक प्रश्नानंतर मनात तीन अंक मोजायचे.

नोंदवही: डावं पान आज, उजवं पान पुढच्या आठवड्यात

या पद्धतीचा कणा हीच वही आहे, म्हणून जरा सविस्तर.

वही उघडल्यावर डावं पान नोंदीसाठी, उजवं कोरं. दिवसात एकच प्रसंग निवडायचा. सगळ्या तासांचा वृत्तांत लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. ज्या क्षणी आपल्याला काहीतरी वाटलं तो प्रसंग घ्या: राग, लाज, आनंद, गोंधळ, काहीही. लिहायचं त्याच दिवशी, शक्यतो शाळेतच, ऑफ तासाला किंवा मधल्या सुट्टीत. रात्री घरी लिहिलं तर प्रसंगाला आपोआप शहाणपण चिकटतं. दहा-बारा ओळी पुरतात. त्यात चार गोष्टी याव्यात: कॅमेऱ्याला दिसलं असतं ते, आपले आणि मुलाचे नेमके शब्द, त्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं ते, आणि त्यानंतर लगेच आपण काय केलं ते. का केलं, बरोबर की चूक, हे डाव्या पानावर लिहायचं नाही.

नोंद कशी दिसावी याचा एक नमुना:

‘सहावी ब, पाचवा तास. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. फळ्यावर १/२ + १/३. स. ने येऊन २/५ लिहिलं. मी म्हणाले, “असं कसं? नीट बघ जरा.” तो गप्प. मी लगेच पहिल्या बाकावरच्या क. ला उठवलं. तिनं ५/६ सांगितलं. “शाब्बास” म्हणून पुढचं उदाहरण घेतलं. स. जागेवर जाऊन वहीत खाली बघत बसला. मनात: मागे पाठ बघायला निरीक्षक बसलेत, अजून दोन उदाहरणं व्हायची आहेत.’

सात-आठ दिवसांनी उजवं पान भरायचं. ते लिहिताना आपण ही नोंद दुसऱ्याच कुणाची आहे असं समजून वाचायची आणि तीन प्रश्न विचारायचे. या शिक्षिकेनं त्या मुलाबद्दल काय गृहीत धरलं? तिला त्या क्षणी कुणाची काळजी होती? तिच्यापुढे आणखी कोणते मार्ग खुले होते?

वरच्या नोंदीचं उजवं पान असं होऊ शकतं: ‘स. चं उत्तर चुकलं होतं, पण त्यामागे रीत होती. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल, एवढं विचारलं असतं तर त्याला स्वतःलाच अडखळायला झालं असतं. मी क. ला उठवलं ते स. ला समजावं म्हणून नव्हे, फळ्यावर बरोबर उत्तर लवकर यावं म्हणून. पुढच्या वेळी: चुकीचं उत्तर आलं की दुसऱ्याला उठवण्याआधी “कसं केलंस ते सांग” हे एक वाक्य म्हणायचंच.’

इथे काय घडलं बघा. याच छात्राध्यापिकेनं ‘माझी बलस्थाने’ या मथळ्याखाली ‘मुलांच्या चुका मी समजून घेते’ असं मनापासून लिहिलं असतं. ते खोटंही नाही, तिला तसं व्हायचंच आहे. पण कुणी बघत असताना ती चूक झाकते, हे तिला नोंदीनं दाखवलं. व्हायचं काय आहे आणि आज आहोत कुठे, या दोहोंतलं अंतर दिसायला लागलं की त्यावर काम करता येतं. शेवटची ‘पुढच्या वेळी’ची ओळ म्हणूनच महत्त्वाची. तीत एकच कृती असावी आणि ती पुढच्या दोन दिवसांत करून बघता येईल इतकी लहान असावी. ‘मुलांशी अधिक संवाद साधेन’ ही कृती नाही.

आता वही कुठे बिघडते ते सांगतो. सगळ्यात मोठा धोका गुणांचा. प्रत्येक पानावर मार्गदर्शकांची सही लागणार असेल तर विद्यार्थी त्यांना आवडेल असं लिहितात: चूक झाली, उमगलं, सुधारलो, धन्यवाद. अशा नोंदींना काही अर्थ नसतो. आमचं मत ठाम आहे की मूळ वही तपासायला घेऊ नये. महाविद्यालयाला सादर करायचं असेल तेव्हा विद्यार्थ्यानं स्वतः तीन-चार नोंदी निवडाव्यात आणि त्यांच्या आधारे वेगळं लेखन करून द्यावं. प्राध्यापकांनी गुण त्या लेखनाला द्यावेत, कबुलीला नव्हे.

दुसरा धोका, वही रडगाण्याची होते: शाळा सहकार्य करत नाही, मुलं ऐकत नाहीत, वर्गात साठ मुलं आहेत. तक्रारी खऱ्याच असतील. पण लागोपाठ तीन नोंदींत ‘मी’ हा शब्द कर्ता म्हणून आलाच नसेल तर चौथी नोंद मुद्दाम आपल्या एखाद्या कृतीवर लिहा. याच्या उलटही होतं. काही जण सगळा दोष स्वतःवर घेतात आणि तीन आठवड्यांत खचतात. त्यांनी दर दोन नोंदींनंतर एक, जमलेल्या प्रसंगाची लिहावी, आणि ते का जमलं याचाही तितकाच बारकाईनं विचार करावा.

मुलांची नावं लिहू नका, आद्याक्षरही शक्यतो बदलून घ्या. वही बाकावर विसरते, एसटीत राहते. आणि मुलानं घरात किंवा बाहेर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर ते वहीत जिरवायचं नाही. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांपर्यंत पोचवणं बंधनकारक आहे, आणि ते बंधन छात्राध्यापकालाही आहे. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांना सांगा. माहिती पुढे गेली की नाही याची खात्री करा, आणि गेली नसेल तर स्वतः पोलिसांना कळवा. १०९८ या बाल मदतवाहिनीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा. मुलाला ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका.

महिन्याच्या शेवटी: तीन रंगांत वाचन

फ्रान्सेस फुलर यांनी १९६९ मध्ये नव्या शिक्षकांच्या काळज्यांचा अभ्यास मांडला. त्यावरून पुढे तीन टप्पे ओळखले गेले. आधी काळजी स्वतःची: मुलं माझं ऐकतील का, निरीक्षक काय म्हणतील. मग कामाची: घटक संपेल का, साहित्य पुरेल का, वेळ कसा बसवू. आणि मग मुलांवरच्या परिणामाची: याला कळलं का, तिला का कळलं नाही.

चार आठवड्यांच्या नोंदी समोर घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिलींनी ओळी अधोरेखित करा: स्वतःच्या काळजीला लाल, कामाच्या काळजीला निळा, मुलाच्या काळजीला हिरवा. पहिल्या महिन्यात पानं लाल दिसतील. ते ठीकच आहे, नव्या माणसाला स्वतःचीच काळजी असते. दहाव्या आठवड्यातही हिरवं जवळपास नसेल, तर मात्र थांबून विचार करा. बहुधा कारण हे असतं की तुम्ही अजून एकाही मुलाला पुरेसं ओळखत नाही. उपाय सोपा आहे: दोन मुलं निवडा, आठवडाभर त्यांच्या वह्या रोज पाच मिनिटं बघा, मधल्या सुट्टीत त्यांच्याशी अभ्यास सोडून बोला.

हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकदा चढून संपत नाहीत. वर्ग बदलला, नवीन विषय मिळाला किंवा बाह्य परीक्षक मागे येऊन बसले की लाल रंग परत येतो. अनुभवी शिक्षकांच्या बाबतीतही येतो. त्यामुळे लाल ओळी दिसल्या म्हणजे मागे गेलो, असं समजू नका. लाल ओळी कधी येतात, एवढं टिपून ठेवा.

घरातला मी आणि वर्गातला मी

छात्राध्यापक सगळ्यात जास्त शक्ती कशावर खर्च करतात? ‘शिक्षकासारखं’ दिसण्यावर. आवाज जड करायचा, हसायचं नाही, घरी कधी न बोललेली भाषा बोलायची. दिवसभर असं वागून दुपारपर्यंत माणूस थकतो, आणि मुलांना तो खोटा वाटतो ते वेगळंच.

बोलीचा प्रश्न यात सगळ्यात मोठा. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा झाडीबोली बोलणारा विद्यार्थी निरीक्षकांच्या शेऱ्याच्या धाकानं पुस्तकी वाक्यं बोलायला लागतो. ‘भाषा शुद्ध नाही’ असा शेरा निरीक्षण वहीत आजही पडतो, आणि तो वाचून कितीतरी जण वर्गात कमी बोलायला लागतात. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. फळ्यावरचं ऱ्हस्व-दीर्घ चुकणं ही चूक आहे, ती सुधारायलाच हवी: पाठाआधी फळ्यावर येणारे दहा-बारा शब्द टाचणात लिहून तपासून घ्या. ‘आणि’चा ‘आनि’ होणं, सूर वेगळा असणं, ‘काय करून राह्यला’ असं तोंडातून जाणं ही मात्र चूक नव्हे. फळ्यावर आणि वहीत प्रमाण मराठी, संकल्पना समजावताना मुलांची बोली, असा व्यवहार ठेवा. आणि टाचणातच लिहा: ‘स्पष्टीकरणासाठी स्थानिक बोलीतील शब्दांचा वापर’. नियोजनात लिहिलं की निरीक्षकांनाही ती निवड दिसते, गलथानपणा वाटत नाही. शाळा तुमच्या भागातली नसेल, मुलं घरी गोंडी, वारली किंवा पावरी बोलत असतील, तर पहिल्याच आठवड्यात मुलांकडून वीस शब्द शिकून घ्या: ये, बस, दुखतंय का, समजलं का, पाणी, घर, आई, असे रोजचे. तुम्ही चुकता आणि मुलं दुरुस्त करतात, हे वर्गासाठी फार चांगलं असतं.

वयाचं अंतर हा दुसरा पेच. दहावीतली मुलं पंधरा-सोळा वर्षांची, तुम्ही एकवीस-बावीसचे. पहिल्या आठवड्यात ती तुम्हाला ‘दादा’, ‘ताई’ म्हणून जोखून बघतात. लहान वर्गात याला हरकत असायचं कारण नाही. मोठ्या वर्गात शाळेत जी पद्धत असेल, सर, बाई किंवा मॅडम, ती पहिल्याच दिवशी शांतपणे सांगा. समाजमाध्यमांवरच्या विनंत्या येणारच. विद्यार्थ्यांना वैयक्तिक खात्यावर घ्यायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही, हे ठरवून ठेवा आणि एकाला नाही म्हटलं तर सगळ्यांना नाही म्हणा. एकट्या विद्यार्थ्याशी बोलायची वेळ आली तर दार उघडं ठेवा किंवा व्हरांड्यात बोला. पेहरावाबाबत शाळेचे आणि महाविद्यालयाचे नियम असतात. ते पाळा, पण चालता येईल, वाकता येईल आणि मुलांजवळ जमिनीवर बसता येईल असे कपडे निवडा. साडीची सवय नसेल तर पहिल्या पाठाच्या दिवशी प्रथमच नेसू नका. आधी दोन दिवस घरी नेसून फळ्यासारखं उंचावर लिहून बघा.

शाळेची रीत तुमच्या मनाविरुद्ध असेल तेव्हा

‘हातात छडी असू द्या, नाहीतर डोक्यावर बसतील.’ असा सल्ला मिळतो, आणि तो देणारे शिक्षक बहुधा तुमचं भलंच चिंतत असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. ‘तू गाढव आहेस’ असं सगळ्यांसमोर म्हणणंही त्यात येतं. त्यामुळे इथे तडजोडीचा प्रश्न नाही. पण तुम्ही पाहुणे आहात, चार महिन्यांनी जाणार आहात, आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय तुमचा दाखला पूर्ण होत नाही. मग वागायचं कसं?

सल्ला देणाऱ्यांशी वाद घालू नका. ‘मला तसं जमत नाही, दुसरं काही करून बघतो’ एवढं म्हणा. आणि खरोखर दुसरं काहीतरी तयार ठेवा, कारण छडी नाकारणारा छात्राध्यापक बहुतेक वेळा हात हलवत वर्गात जातो आणि तिसऱ्या दिवशी ओरडायला लागतो. ठरवून ठेवण्यासारखं बरंच आहे: वर्गात शिरताच मुलांना हातात घ्यायला काम द्यायचं, फळ्यावर एक प्रश्न आधीच लिहिलेला हवा. गप्प करायची खूण एकच आणि रोज तीच. बोलणाऱ्या मुलाचं नाव लांबून घ्यायचं नाही, बोलता बोलता त्याच्या बाकापाशी जाऊन उभं राहायचं. सूचना एका वेळी एक. वही-पुस्तक वाटायला लागणारा वेळ टाचणात मांडायचा, कारण गोंधळ बहुधा तेव्हाच सुरू होतो.

मारहाण डोळ्यांसमोर होत असेल तर ती नोंदवहीत लिहा, आणि महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांशी बोला. एकट्यानं शाळेशी भांडायला जाऊ नका. मार्गदर्शकांचं हे कामच आहे, आणि ते टाळत असतील तर प्राचार्यांकडे लेखी द्या.

शेरे वापरण्याजोगे करून घ्या

‘पाठ छान झाला. फलकलेखन सुधारा. आवाज थोडा वाढवा.’ बहुतेक निरीक्षण वह्या अशा वाक्यांनी भरलेल्या असतात. यात निरीक्षकांचा दोष थोडा. एका तासात तीन पाठ बघायचे तर दुसरं काय लिहिणार? म्हणून मागणी आपण ठरवायची. पाठाआधी अर्ध्या कागदावर एकच प्रश्न लिहून निरीक्षकांना किंवा जोडीदाराला द्या. उदाहरणार्थ: ‘मी कोणकोणत्या मुलांना बोलायला संधी दिली?’ सोबत वर्गाचा बैठक आराखडा द्या, प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. मूल बोललं की त्या चौकोनात एक रेघ, आपणहून बोललं तर टिंब. पस्तीस मिनिटांनी कागद हातात आला की बोलण्यासारखं काही उरत नाही. रेघा बहुतेक वेळा पुढच्या दोन रांगांत आणि मधल्या पट्ट्यात दाटतात, खिडकीकडची शेवटची रांग कोरी असते. मुली एका बाजूला आणि मुलगे दुसऱ्या बाजूला बसत असतील तर तोही फरक दिसतो. आता शाळेत जाण्याआधीचा तो टाचलेला कागद काढा आणि ‘कोणत्या मुलांसाठी मला मुद्दाम प्रयत्न करावा लागेल’ या उत्तराशी कोरे चौकोन ताडून बघा.

जोडीदाराबरोबर पाठानंतर दहा मिनिटं बोलताना त्यानं आधी फक्त पाहिलेलं सांगायचं, मत मागाहून आणि विचारलं तर. मैत्रीत हे अवघड जातं. ‘मस्त झाला गं’ म्हणणं सोपं असतं.

बदली तासांचाही उपयोग करा. शिक्षक रजेवर असले की छात्राध्यापकाला वर्गावर पाठवतात, आणि बरेच जण त्याला त्रास समजतात. पण तिथे टाचण नसतं, निरीक्षक नसतो, गुण नसतात. तिथे तुम्ही जसे वागता ते सराव पाठापेक्षा जास्त खरं असतं. आठवड्यातून निदान एक नोंद बदली तासाची असू द्या. परिपाठ, पोषण आहाराची पंगत, पालकसभा, स्टाफरूममधल्या गप्पा यांतूनही अधूनमधून एखादी घ्या. जेवणाच्या रांगेत कोण कुणाशेजारी बसतं हे बघितलेला शिक्षक वर्गात गट पाडताना वेगळा विचार करतो.

शेवटच्या आठवड्यातलं एक पान

सोळा आठवडे संपत आले की दोन्ही बाजूंची सगळी पानं एका बैठकीत वाचा, दीड-दोन तास लागतील. मग एका पानावर पाच वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्याचा साचा एकच: ‘जेव्हा असं होतं तेव्हा मी असं करतो, कारण…’. प्रत्येक वाक्यापुढे निदान दोन नोंदींच्या तारखा हव्यात. तारीख सापडत नसेल तर ते वाक्य इच्छा म्हणून वेगळं लिहा, ओळख म्हणून नाही. सहावं वाक्य मुद्दाम विरुद्ध लिहायचं: वरच्या पाचांपैकी कोणतं वाक्य कुठे खोटं ठरलं? आठवीत आपण धीरानं वागतो आणि पाचवीत आवाज चढतो, असं बऱ्याच जणांना इथे दिसतं. एकाच माणसात दोन शिक्षक असणं नेहमीचं आहे. कोणता कुठे बाहेर येतो हे माहीत असलं म्हणजे झालं.

या पानाचा लगेच उपयोग होतो तो मुलाखतीत. ‘तुम्ही शिक्षक का झालात?’ या प्रश्नाला पवित्र व्यवसायाचं उत्तर देण्यापेक्षा चुकीच्या उत्तराशी तुम्ही कसं वागता हे एका उदाहरणानं सांगितलं तर समोरचे ऐकतात. काहींना मात्र पान लिहिताना कळतं की आपल्याला हे काम नको आहे. सगळ्या नोंदी लाल, वर्गाबाहेर पडल्यावरच सुटका वाटते. तसं असेल तर आधी तपासा की कंटाळा शिकवण्याचा आहे की त्या एका शाळेचा. शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गावर किंवा दुसऱ्या विषयाचे दोन-तीन तास मागून घ्या. तरीही उत्तर तेच आलं तर ते मार्गदर्शकांशी मोकळेपणानं बोला. पाठ्यपुस्तकं, ग्रंथालयं, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था, समुपदेशन या सगळ्या ठिकाणी वर्गाची समज असलेली माणसं लागतात.

नोकरी लागली की शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं जातात, आणि पहिल्या सत्रात नोंदी लिहायला वेळ मिळत नाही. म्हणून वहीत शेवटची वीस पानं आत्ताच कोरी ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत ती सहा वाक्यं पुन्हा वाचा, जी बदलली असतील त्यांच्यापुढे नवी तारीख घाला, आणि दुसऱ्या सत्रात आठवड्यातून एक नोंद एवढ्यावर सुरुवात करा.